बांधवालीचं उत्तर

माझी आजी चतुराबाई कवयित्री होती, हे शिरड शहापुरात कुणालाच माहीत नव्हतं. घरच्यांचा समज एवढाच, की म्हातारीचं तोंड जरा चालतं. कवयित्री हा शब्द मला लग्नानंतर नवऱ्याकडून कळला. आमचे हे शाळामास्तर. कुठल्याही गोष्टीला भारदस्त नाव दिल्याशिवाय यांना अन्न गोड लागत नाही. माहेरी गेले तेव्हा मी आजीला म्हटलं, "आजी, तू कवयित्री हायेस म्हणं." आजी गोवरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "ही कोन्त्या गावची?"

तर ही आजी १९४८च्या उन्हाळ्यात गेली. दिवाळीत, रझाकारांची भीती सरून वाटा मोकळ्या झाल्यावर, आम्ही दोघं तिची गाणी गोळा करायला निघालो. कागद-पेन्सिल यांच्याकडं, बोलणं माझ्याकडं. गावोगावच्या बायका आजीचं नाव काढताच हसायच्या, पण "तुमच्यावर गाणं केलं होतं ना तिनं?" असं विचारलं की एकदम साळसूद व्हायच्या. "माझ्यावर? छ्या! ते माझ्या जावंवर व्हतं." मग जावेच्या घरी जावं, तर ते गाणं पुन्हा पहिलीच्या अंगावर ढकललेलं. दोघींना समोरासमोर बसवण्याची यांची हिंमत झाली नाही. अशी आमच्या पदरी सगळी अर्धीमुर्धी गाणी पडली. अख्खं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकच मिळालं. ते कसं मिळालं, तेच सांगायचं आहे.

आधी आमच्याकडची रीत सांगते. लग्नात जेवणाची पंगत बसली की मुलीकडच्या बायका मुलाकडच्या बायकांना गाण्यातून नावं ठेवतात. ज्या बाईवर गाणं झालं तिनं एक तर गाण्यातूनच उलट उत्तर द्यायचं, नाही तर हसून गाणाऱ्या बाईच्या ओटीत चोळीचा खण टाकायचा. दोन्हीतलं एक झालं की गाणं फिटलं, राग फिटला. आजीला अशा गाण्यांसाठी लोक गाडी धाडून नेत. आमच्या घरातल्या बायकांनी चोळीचं कापड कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही.

तिची कामाची पद्धत ठरलेली होती. लग्नघरी ती एक दिवस आधी जायची आणि गहू निवडणाऱ्या बायकांत भोळा चेहरा करून बसायची. "इहीनबाई कशी हाय म्हनावं? लई देवभोळी हाय म्हनतात?" एवढं विचारलं की पुरे. आदल्या दिवशीच उतरलेल्या वऱ्हाडातल्या, त्या विहिणीच्या सुना, जावा, नणंदा, एकेक जण पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन मन मोकळं करून जायची. मग आजी मागच्या परसात जाऊन गोवऱ्या थापायची. लग्न कुणाचंही असो, शेण कुणाचंही असो. गोवरी भिंतीला चिकटली की ओळ पक्की झाली. घसरून खाली आली की ओळ कच्ची, पुन्हा मळायची. दुसऱ्या दिवशी त्या घराची भिंत भरलेली असायची आणि विहिणीची पंचाईत झालेली असायची.

पण तिचे नियमही होते, आणि ते ती देवाच्या शपथेसारखे पाळायची. रंगावर, गरिबीवर, मूलबाळ नसण्यावर, अंगातल्या व्यंगावर गाणं करायचं नाही. बाईनं स्वतःच्या हातानं जे केलं त्यावरच करायचं. आणि समोर बसवून म्हणायचं, पाठीमागं कधीच नाही. "पाठीमागं म्हनली की ती चुगली व्हती," असं ती म्हणायची.

माझे आजोबा सोनाजी हे अगदी उलट. सगळ्या जन्मात ते जेवढं बोलले असतील तेवढं आजी एका पंगतीत बोलायची. कुणी त्यांना विचारलं, "आबा, तुमच्यावर न्हाई केलं गानं?" तर ते बैलाकडं बघून हसायचे. बैलही त्यांच्यासारखाच मुका, त्यामुळं गोष्ट तिथंच राहायची.

१९३२ सालच्या वैशाखात आजीच्या भाचीचं लग्न आमच्याच गावात झालं. नवरदेव कुरुंद्याचा. त्याची बहीण मंजुळा करवली म्हणून आली होती. कनेरगाव नाक्याला दिलेली, विशीतली, चांगल्या घरची आणि जरा तोऱ्यातली. मांडीवर चार वर्षांचं एक शेंबडं पोरगं. ते पोरगं पुढं शाळामास्तर झालं, पण त्याला अजून अवकाश आहे. मी तेव्हा पाळण्यात होते.

मंजुळेला पानावर तूप कमी वाढलं असं वाटलं. तिनं मागितलं. वाढणाऱ्यानं पळीभर ओतलं. तिनं पुन्हा मागितलं. आता वाढणाराही आमच्या गावचाच. त्यानं आख्खं भांडं वाकडं केलं. तूप पत्रावळीवरून शेजारणीच्या पानाकडं वाहायला लागलं. दुसरी कुणी असती तर ओरडली असती. मंजुळा होती शेतकऱ्याची लेक. तिनं झटकन भात ओढून तुपाच्या कडेनं बांध घातला, वरणातून बोटानं एक चारी काढली आणि सगळं तूप परत आपल्या भाताकडं वळवलं. थेंब वाया गेला नाही. तिच्या दृष्टीनं काम चोख झालं होतं.

समोर आजी उभी होती. त्या दिवशी तिला गोवऱ्या लागल्याच नाहीत.

कुरुंद्याची करवली बसली पानावर,
तूप वाढा म्हनली, तूप आलं रानावर.
भाताचा घातला बांध, वरनाची काढली चारी,
वहिताखाली आनली बाईनं पत्रावळ सारी.

मांडव हसून हसून लोळला. नवरदेवसुद्धा हसला, आणि तेच मंजुळेला लागलं असावं. तिनं उत्तर दिलं नाही, खण दिला नाही. भरल्या पानावरून उठली, पोरगं काखेला मारलं आणि गाडीत जाऊन बसली. गाणं फिटलंच नाही.

आणि न फिटलेलं गाणं मोकाट जनावरासारखं हिंडत राहतं. ते मंजुळेच्या आधी कनेरगाव नाक्याला पोचलं. आडावर बायका "बांधवाली आली, बांधवाली आली" म्हणून बाजूला व्हायच्या. पावसात तिच्या नवऱ्याच्या शेताचा बांध फुटला तर लोक विचारायचे, "घरी बांधवाली असून काहून फुटला?" हळूहळू तिचं खरं नाव मागं पडलं. इकडं आमच्या बाजूलाही सगळे बांधवालीच म्हणत. मंजुळा म्हटलं तर कुणाला काही आठवलं नसतं, खुद्द आजीलाही नाही. आमची चूक झाली ती इथंच.

कारण १९४७च्या फाल्गुनात माझ्या बापाला, तातेरावाला, कनेरगाव नाक्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा हरिचंद, शिकलेला, शाळेत मास्तर. (हे नाव बापाच्या तोंडचं समजावं. मी ते लग्नात एकदा घेतलं तेवढं पुरे.) बाप खूश. मुलाच्या आईचं नाव मंजुळाबाई, एवढंच कळलं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. सुपारी फुटली.

कुंकू लावायला मुलाची आत्या जिवनबाई आली. मुलाची आई आली नव्हती, म्हैस व्यायली असा निरोप होता. जेवायला बसल्यावर आजी स्वतः तूप वाढायला गेली. जिवनबाई हात आडवा करून म्हणाली, "बास बास! आमच्या वयनीवानी बांध घालाची येळ आनू नका."

आजीनं तुपाची वाटी तशीच धरली. "कोन्ती वयनी?"

"पोराची माय. मंजुळा. सारा गाव तिला बांधवालीच म्हनते की. तुमाला म्हाईत न्हाई?"

आजीच्या वाटीतलं तूप जिवनबाईच्या लुगड्यावर सांडलं. जिवनबाईला वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसावं.

पाहुणी गेल्यावर घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. बाप एकटाच बोलत होता. "पंधरा वर्सं त्या बाईचं नाव सात गावांत वाजवलं तू. आता तिच्याच घरी आपलं लेकरू चाललं. सोयरीक मोडावं तर पोरीचं नाव खराब. माय, लग्नात तोंड उघडायचं न्हाई. एक ओळ न्हाई."

"न्हाई उघडत," आजी म्हणाली.

मला फार राग आला होता. माझं लग्न ठरलं, माझी सासू ठरली, आणि ही सासू मला काय काय करील याचा हिशोब घरातली प्रत्येक बाई माझ्यासमोर मोठ्यानं मांडत होती. मी परसात जाऊन आजीला म्हटलं, "तुझं गानं झालं, लोकं हसले. आता जन्मभर ते मी फेडू का?"

आजी ओल्या गोवरीवर हात ठेवून बसली होती. "पेमे," ती म्हणाली, "म्या तिच्या हातानं केलेल्यावर गानं केलं व्हतं. पर ते तिनं खुशीनं घ्यावं इतकं थांबले न्हाई मी." गोवरी घसरून खाली आली तरी उचलली नाही.

त्यानंतर तिनं मनाशी ठरवलं की विहिणीची स्तुती करायची. बापाला वाटलं, स्तुतीला काय हरकत आहे. हरकत आम्हालाही दिसली नव्हती, पण आजीला स्तुती येत नव्हती. आठ दिवस ती परसात बसली. एरवी तिची जीभ सुरीसारखी चालायची. आता एकेक शब्द ओढून काढायला लागायचा. आजोबा रोज संध्याकाळी खाली पडलेल्या गोवऱ्या निमूट गोळा करायचे.

वैशाखात वऱ्हाड आलं, वसमतपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाड्यांनी. मी मुंडावळ्या बांधलेल्या, दाराआडून सासूला शोधत होते. ती दिसली. ठसठशीत कुंकू, घट्ट मिटलेलं तोंड, आणि चाल अशी की मांडवातली माणसं आपोआप वाट देत होती. माझी पाचावर धारण बसली. अक्षता पडल्या, लग्न लागलं, आणि पंगत बसली.

विहिणीला मानाच्या पाटावर बसवलं. पान वाढलं. आमच्या बायका आजीकडं बघायला लागल्या. मुलाकडच्या बायका आजीकडं बघायला लागल्या. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट मांडवात एव्हाना सगळ्यांना कळली होती, त्यामुळं जेवणाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. आजी उठली. बापानं कपाळाला हात लावला.

इहीनबाई गुनाच्या, जशी मूर्ती सोन्याची,
बोलनं त्यांचं गोड, जशी ढेप गुळाची.

गुळाची ढेप! ज्या बाईनं साऱ्या मुलखाच्या विहिणी घायाळ केल्या, तिनं माझ्या लग्नात हे म्हणावं. कुणी हसलं नाही. एक म्हातारी बाई हळहळून म्हणाली, "चतुरा थकली गं." आणि मंजुळाबाईंचा चेहरा पडला. रागाचा नव्हता तो. जत्रेला आलेल्या माणसाला पाळणा मोडलाय असं सांगितल्यावर होतो, तसा झाला. त्यांनी पानावरचा हात उचलला. आता ही उठणार, पुन्हा भरल्या पानावरून उठणार, असं सगळ्यांनाच वाटलं. माझे डोळे भरून आले.

मंजुळाबाई वाढणाऱ्याला म्हणाल्या, "तूप आन."

त्यानं पळीभर वाढलं.

"अजून."

त्यानं बापाकडं पाहिलं. बापानं आभाळाकडं पाहिलं.

"ओत म्हनते ना!"

तूप वाहायला लागलं. मंजुळाबाईंनी सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, भात ओढला. पाच बोटांनी दाबून बांध घातला. वरणातून एक चारी काढली. मग हात मागं घेतला आणि सरळ आजीकडं बघत म्हणाल्या, "काहून गप बसल्या? म्या माझं काम केलं. आता तुमी तुमचं करा."

आजी दोन पावलं पुढं आली. 'कुरुंद्याची करवली बसली पानावर' ही ओळ सुरू झाली आणि सगळा मांडव सावरून बसला. दोन ओळी झाल्या आणि आजी अडली. तिला पुढचं आठवेना. तिनं शेकडो गाणी केली होती, ती काय सगळी ध्यानात ठेवणार? पण मंजुळाबाईंवर तर एकच झालं होतं.

"भाताचा घातला बांध," त्यांनी खालून सांगितलं, मास्तरीणबाईनं विसरभोळ्या लेकराला सांगावं तसं. "वरनाची काढली चारी. म्हना पुढं."

दोघींनी मिळून गाणं पुरं केलं. लोक टाळ्या वाजवायला लागले तशा मंजुळाबाई ओरडल्या, "थांबा! अजून झालं न्हाई. तवा मी उठले ते रागानं न्हाई. मला उत्तर सुचंना म्हनून उठले. गाडीत बसल्यावर सुचलं. तवाधरून घेऊन फिरून राहिले, पर जिथं ही बाई तिथं मला कोनी लग्नाला बोलवत न्हाई. भांडन व्हईल म्हनतात!" आणि त्यांनी पदर खोचून, भरल्या हातानंच, सूर लावला:

शिरडच्या चतुराबाईला गान्याची लई घाई,
भाकर कोन्ती, गोवरी कोन्ती, जेवनाऱ्याला कळंना काई.
म्या घातला तुपाला बांध, जगानं तो पाह्यला,
तुझ्या तोंडाला बांध घालाचा सोनाजीचा ऱ्हायला!

मग मांडवाच्या कोपऱ्यातून एक विचित्र आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. आजोबा हसत होते. तोंड उघडून, मांडीवर थापा मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. आम्ही तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, म्हणून ओळखता आला नाही. त्यानंतर मांडवात कुणी कुणाचं ऐकण्याच्या स्थितीत नव्हतं.

आजी घरात गेली, पेटी उघडली आणि एक नवा कोरा खण आणून मंजुळाबाईंच्या ओटीत घातला. तिनं जन्मात कुणाला खण दिला नव्हता, घेतलेच होते. मंजुळाबाईंनीही कमरेच्या पिशवीतून एक खण काढला. घडीवर पिवळा पडलेला. "हा तवाचा," त्या म्हणाल्या. दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि मग पान गार झालं म्हणून सासूबाई वाढणाऱ्यावर ओरडल्या.

पाठवणीच्या वेळी मी गाडीत बसताना जिवनबाई माझ्या कानाशी लागली. "म्हैस-बिस काही व्यायली नव्हती. वळख पटली तर तुमी सोयरीक मोडाल म्हनून वयनी आलीच न्हाई. मलाबी हे मागून कळलं. हे स्थळ तिनंच शोधून काढलं." मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या खुशीत होत्या. "पोरी काय, घरोघरी हायेत," त्या मला म्हणाल्या. "आजी पाहून सोयरीक केली मी." नव्या नवरीला हे ऐकून काय वाटावं, हे तुम्हीच ठरवा.

मला ज्याची भीती होती त्यातलं काही झालं नाही. सासूबाई कामाला कडक होत्या, मिठाचा खडा जास्त पडला तर तीन दिवस ऐकवायच्या, पण त्या गाण्याचा सूड त्यांनी कधी माझ्यावर काढला नाही. उलट घरी पाहुणे आले की मला समोर बसवून त्या स्वतःच गाणं म्हणायच्या, आधी आजीचं, मग आपलं उत्तर. आजी पंचमीला मला न्यायला आली ती चार दिवस राहिली, आणि मला माहेरी न्यायचं विसरून सासूबाईंशी भांडत बसली.

पुढच्या उन्हाळ्यात दिवस वाईट आले. रझाकारांच्या भीतीनं वाटा बंद झाल्या. आमच्या नाक्यावरून कितीतरी घरं निजामाच्या हद्दीबाहेर वाशिमकडं निघून गेली. आजी गेल्याचा निरोप आला तेव्हा तिचा तेरावाही उरकला होता. मला तिचं तोंड बघता आलं नाही. मी चुलीपाशी बसून राहिले, मला रडूही येईना.

सासूबाईंनी माझं पान वाढलं. भात, वरण, आणि वर तूप. तूप जास्त झालं, वाहायला लागलं. मी नुसती बघत होते. त्यांनी वाकून आपल्या बोटांनी माझ्या भाताचा बांध घातला. "जेव," म्हणाल्या. आणि मग त्यांचाच बांध फुटला. माझ्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागल्या. "आता मला नावं ठेवायला कोन ऱ्हायलं गं?"

मी त्यांचे हात धरले. तेव्हा कुठं मला रडू आलं. खूप वेळानं त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

"तुला येतं का?"

"काय?"

"काय म्हनून इचारती! चतुराबाईची नात ना तू? माझ्यावर कर एखादं. मी काई म्हननार न्हाई."

सुनेनं सासूवर गाणं करायचं, तेही सासूच्या हुकमानं. हे आमच्या मुलखात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी मी परसात गोवऱ्या थापायला बसले. पहिली ओळ घसरली, दुसरी घसरली. मिठाच्या खड्याची ओळ केली, ती भिंतीला चिकटून राहिली. आजीचा नियम होता, म्हणून तशीच शेणाच्या हातानं उठून आत गेले आणि समोर उभं राहून म्हणून दाखवली.

सासूबाईंनी ती नीट ऐकून घेतली. "बरी हाय," म्हणाल्या, आणि खण आणायला आत गेल्या.